राजा क्रमांक नऊ-अ

त्या दगडावर, आकड्याच्या उजव्या बाजूला, एक चंद्रकोर कोरलेली होती. रुंदी अकरा मिलिमीटर, खोली दोनहून थोडी कमी. वरचं टोक झिजलेलं, खालचं शाबूत. हे मी नजरेनं ठरवलेलं नाही. संग्रहालयाच्या रखवालदाराची परवानगी घेऊन, गुडघ्यांवर बसून, स्टीलच्या पट्टीनं तीनदा मोजलं आणि सरासरी काढली. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे : 'कोर. ११ मि.मी. नक्षी.' 'नक्षी' या शब्दाखाली रेघसुद्धा आहे. पुढचं सगळं त्या एका शब्दामुळे झालं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. इतिहासाची आणि माझी ताटातूट फार पूर्वी झाली आणि दोघांपैकी कोणीही त्याबद्दल रडलं नव्हतं. पण आमच्या इतिहासाच्या बाई पाय मोडून घरी बसल्या आणि आंतरशालेय संशोधन प्रदर्शन चार आठवड्यांवर आलं. विषय वरून ठरून आलेला होता : 'मध्ययुगीन साम्राज्य : राजे आणि राज्यकारभार'. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं.

"हा प्रकल्प तुम्ही घ्या."

"बाई, मी विज्ञानाची."

"इतिहास म्हणजे काय? सनावळ्या. सनावळ्या म्हणजे काय? आकडे. आणि आकडे कोणाचे? तुमचे."

या युक्तिवादात कुठेतरी खोट होती. ती मला सापडली तेव्हा मी होकार देऊन, मुलांची यादी घेऊन, प्रयोगशाळेत परत आले होते. हा माझा जुना दोष आहे. मला योग्य उत्तर सुचतं, पण समोरचा माणूस निघून गेल्यावर.

यादीत नववीची तीन मुलं होती. पहिला पोपट. त्याला एकदा वाचलेलं सगळं पाठ होतं आणि त्यातलं काहीही समजलं नाही तरी त्याची झोप उडत नसे. दुसरा रंगारी. त्याच्या हातात ब्रश असला की रिकामी जागा शिल्लक राहत नसे. त्याच्या गणिताच्या वहीतसुद्धा शून्यांना डोळे असत. तिसरी शंका. हे नाव तिला शिक्षकांच्या खोलीनं ठेवलं होतं, कौतुकानं नव्हे. ती हात वर करून विचारायची, "पण कशावरून?" आणि उत्तर मिळालं की पुन्हा तोच हात वर. बऱ्याच शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय तिच्यामुळे लावून घेतली होती. मला ती आवडायची. तसं मी कधी तिला म्हटलं नाही, कारण आमच्या दोघींचा स्वभाव बोलून दाखवण्याचा नाही.

पाठ्यपुस्तकात सतरा राजे होते. प्रत्येकाची कारकीर्द किती वर्षांची ते दिलेलं होतं, आणि शेवटी एक वाक्य : 'हे साम्राज्य सुमारे सव्वातीनशे वर्षे टिकले.' ते 'सुमारे' मला खटकलं. माझ्या प्रयोगशाळेत 'सुमारे' लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण जातो. म्हणून आम्ही बेरीज केली. सतरा कारकिर्दी मिळून तीनशे तीस वर्षं. मग आम्ही संग्रहालयात गेलो. तिथे राजवाड्याच्या दरवाजावरचा दगड ठेवलेला आहे. साम्राज्य बुडाल्यावर जिंकणाऱ्यांनी त्यावर हिशेब कोरून ठेवला : पहिला राजा बसल्यापासून शेवटचा उठेपर्यंत तीनशे चाळीस वर्षं. शेजारी ती कोर.

तीनशे चाळीस वजा तीनशे तीस.

"दहा वर्षं कुठे गेली?" शंकेनं विचारलं.

मी पाठ्यपुस्तक उलटं सुलटं केलं. नवव्या राजानंतर एक ओळ होती : 'यानंतर काही काळ गोंधळाचा होता.' मला एकदम सोपं वाटलं. आता मी जे केलं ते एखाद्या इतिहासाच्या शिक्षकानं कधी केलं नसतं. मी मुलांना सांगितलं की, ज्या शास्त्रज्ञानं आवर्तसारणी मांडली, त्यानं न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी रिकामे चौकोन सोडले होते आणि पुढे ती मूलद्रव्यं खरोखर सापडली. तेव्हा आपणही तक्त्यावर नऊ आणि दहाच्या मधे एक रिकामा चौकोन सोडू.

राजे काही मूलद्रव्यं नव्हेत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. शंकेचा हात अर्धा वर आला होता. मी तक्त्याची रुंदी मोजत होते.

रिकामा चौकोन एक दिवस रिकामा राहिला. मोठ्या बाई तक्ता बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हे काय, मधेच दात पडल्यासारखं? परीक्षक म्हणतील, अभ्यास अपुरा." मी आवर्तसारणीचं सांगितलं. त्यांना ते फारच आवडलं. इतकं आवडलं की त्यांनी ते समजून घेतलं नाही. "म्हणजे तुम्ही नवा राजा शोधलात!" त्या म्हणाल्या आणि पेढे मिळाल्यासारखा चेहरा करून कार्यालयात गेल्या.

कार्यालयात आमचे हेडक्लार्क बसतात. प्रदर्शनाच्या अर्जात राजांचा तपशील भरायचा होता, एका ओळीत एक राजा.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"अहो, पण तो अजून सापडलेलाच नाही."

"मग दहा वर्षं राज्य कसं केलं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी लेखणी टेकवली, क्षणभर विचार केला आणि लिहिलं : 'राजा क्रमांक नऊ-अ'. "आमच्या गल्लीत सात नंबर आणि आठ नंबरच्या मधे नवं घर झालं. त्याला सात-अ दिलाय. टपाल बरोबर पोचतं." पुढचा रकाना होता 'कार्य, पन्नास शब्दांत'. तोही रिकामा ठेवता येत नव्हता. पोपट शेजारीच उभा होता. त्याला सतराही राजांची कार्यं पाठ होती आणि सगळ्यांची साधारण सारखीच होती. त्यानं न अडखळता म्हणून दाखवलं, "रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावली, विहिरी खोदल्या, वजनमापांत शिस्त आणली. स्वभावाने उदार पण कठोर." हेडक्लार्कनी शब्द मोजले. कमी पडले म्हणून 'प्रजा सुखी होती' हे त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं.

मी तिथे उभी होते. हे मी लपवत नाही. वजनमापांत शिस्त आणणारा राजा मला, खरं सांगायचं तर, थोडा आवडलाच.

आता चेहरा. सतरा राजांची चित्रं पुस्तकात होती, ती रंगाऱ्यानं मोठी करून काढली. अठराव्यासाठी नमुना हवा होता. आमच्या शेजारी मोजणीकाका राहतात. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, एकटे, भरघोस मिशांचे. ते सगळ्यांना सगळ्या विषयांवर सल्ला देतात. माझ्याकडे येऊन त्यांनी तीन संध्याकाळी मला इतिहास समजावून सांगितला होता. "वहिनी, राजे म्हणजे शेवटी काय? जमिनीचे वाद. हद्द कुठली ते एकदा नीट ठरलं असतं तर एकही लढाई झाली नसती. मला विचारायला हवं होतं." ते असे बोलत असताना रंगारी आला, त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, जरा असंच बसून राहता?"

काका दोन तास बसून राहिले. इतका वेळ ते गप्प राहिलेले आमच्या इमारतीनं प्रथमच पाहिले.

तक्ता देखणा झाला. भोवती किनार हवी म्हणून रंगाऱ्यानं दगडावरची चंद्रकोर घेतली आणि चारी बाजूंनी फिरवली. सोनेरी रंगात, एकूण शहाण्णव. एकेक कोर माझ्या पट्टीच्या मापानं, बरोबर अकरा मिलिमीटर.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला : मधे मोठ्या बाई, डावीकडे मोजणीकाका (त्यांना कोणी बोलावलं ते कळलं नाही), आणि उजवीकडे माझी कोपरापर्यंतची बाही. बातमीचं शीर्षक होतं 'शाळकरी मुलांनी शोधला हरवलेला राजा'. माझे यजमान पाणीपुरवठा खात्यात आहेत. त्यांनी ते कात्रण ऑफिसात लावलं. आठवड्यानं पाठ्यपुस्तक समितीचं पत्र आलं. पुस्तकाची नवी आवृत्ती छपाईला जात होती. त्यात राजा क्रमांक नऊ-अ चा समावेश करण्याचं तत्त्वतः ठरलं होतं, चित्रासकट. वीस तारखेला समितीचे साहेब स्वतः शाळेत येतील, मुलांचं कौतुक करतील आणि मार्गदर्शक शिक्षिकेची संमतीदर्शक सही घेऊन जातील. सही झाली की छपाई.

समितीतल्या तज्ज्ञांनी हे तपासलं कसं नाही, यावर पुढे मी खूप विचार केला. पण ते साधं होतं. इतिहासाच्या तज्ज्ञांनी बेरीज तपासली नाही, कारण ती विज्ञानाच्या शिक्षिकेनं केली होती. गणिताच्या तज्ज्ञांनी दगड तपासला नाही, कारण तो इतिहास होता.

वीस तारखेला एकोणीस दिवस राहिले असताना मी आठवीला चंद्राच्या कला शिकवत होते. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस. अशा बारा झाल्या की तीनशे चोपन्न. मी फळ्यावर लिहिलं : चंद्राच्या मापानं वर्ष ३५४, सूर्याच्या मापानं ३६५. फरक अकरा दिवस. दरवर्षी. आणि मुलांना गंमत म्हणून विचारायला गेले की, शंभर वर्षांत हा फरक किती होईल?

खडू थांबला.

शंभर वर्षांत तीन वर्षं. तीनशे तीस वर्षांत दहा.

"बाई, बरं वाटत नाही का?" पहिल्या बाकावरून कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, प्रकरणाखालचे प्रश्न सोडवा. मी खिडकीपाशी गेले. समोरच्या भिंतीवर आमचा तक्ता लावलेला होता, आणि त्याच्या चारी बाजूंनी शहाण्णव सोनेरी चंद्र माझ्याकडे बघत होते.

त्या दुपारी मी संग्रहालयात गेले. रखवालदार स्टुलावर बसला होता. मी कोरीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे?

"ती होय? चंद्राची वर्षं मोजायचे ना ते लोक. आकड्यापुढे कोर म्हणजे चंद्राची, गोल म्हणजे सूर्याची. आतल्या सगळ्या दगडांवर आहे."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पट्टी घेऊन आला होता, बाई. म्हटलं, यांना सगळं माहीतच असणार."

म्हणजे दगडाची तीनशे चाळीस चांद्र वर्षं आणि पुस्तकाची तीनशे तीस नेहमीची वर्षं, दोन्ही एकच. मधे एका दिवसाचीही फट नव्हती. विहिरी खोदणारा, वजनमापांत शिस्त आणणारा तो गृहस्थ आमच्या वजाबाकीत राहत होता. आणि एककं न बघता वजाबाकी केली म्हणून मी मुलांचे पूर्ण गुण कापते, अर्धा नव्हे.

सांगायला हवं होतं. लगेच. मी सांगायला गेलेही.

प्रथम यजमानांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, सतरा होते, अठरा झाले. कोणाचं काय अडलं? आणि तो कोणाला त्रासही देत नाहीये."

"पण तो नव्हता!"

"आमच्या खात्यात तीन पंप असे आहेत, जे नाहीत. दरवर्षी त्यांची देखभाल होते." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "बरं, बरं. लेखी कळव. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही."

मोठ्या बाईंकडे गेले, तर त्या फोनवर खुर्च्या ठरवत होत्या. मी म्हटलं, "बाई, नऊ-अ बद्दल थोडं बोलायचं होतं." त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "आता बोलू नका, घसा जपा. साहेबांसमोर बोलायचंय." दुसऱ्यांदा गेले, तेव्हा त्या सभागृहाच्या पडद्यांचा रंग निवडत होत्या आणि माझंही मत घेतलं. मी निळा म्हटलं. राजाबद्दल बोलायला गेलेली मी निळा म्हणून परत आले.

मग लेखी. हेडक्लार्कनी मला दुरुस्ती अर्ज दिला. त्यात दोन रकाने होते : 'चुकीची नोंद' आणि 'योग्य नोंद'. पहिल्यात मी लिहिलं, राजा क्रमांक नऊ-अ.

"दुसरा भरा."

"दुसरा रिकामाच. योग्य नोंद अशी की, तिथे काहीच नव्हतं."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"अहो, पण चूकच ती आहे! काही नव्हतं तिथे आपण राजा बसवला."

"राजा काढायचा असेल तर त्याच्या जागी कोण बसणार ते लिहायला लागेल," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे इतिहासातलं सगळ्यात खरं वाक्य निघालं, असं मला नंतर वाटलं. "कोणी नसेल तर ती दुरुस्ती नाही, रद्द करणं आहे. त्याचा अर्ज वेगळा. तो संपलाय. मागवलाय. महिन्याभरात येईल."

मी अर्ज घडी घालून पर्समधे ठेवला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. मी सांगायला गेले होते हे खरं, आणि प्रत्येक वेळी सांगता आलं नाही याचं मला बरं वाटलं हेही तितकंच खरं. चौदा वर्षं या शाळेत माझं नाव एका गोष्टीसाठी घेतलं जातं : बाईंचं मोजमाप चुकत नाही. दुसरं काही माझ्याकडे नाही. मला गाता येत नाही, भाषण येत नाही, स्नेहसंमेलनात मला नेहमी दारावर उभं करतात.

आणि मोजणीकाका होते. ते आता सरळ चालायला लागले होते. नळावरून खालच्या मजल्याशी त्यांचं बारा वर्षांचं भांडण होतं, ते त्यांनी स्वतः जाऊन मिटवलं. "शोभत नाही," म्हणाले. एका संध्याकाळी ते दारात आले. हातात इस्त्रीला द्यायचा कोट.

"वहिनी, कोटाचा रंग चित्राशेजारी बरा दिसेल ना? म्हणजे साहेबांनी तुलना केली तर."

"बरा दिसेल, काका."

"चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. मी आलो की लोक तोंड वाकडं करायचे, कोणाची ना कोणाची हद्द आत जायचीच. आता लाखभर पोरं रोज माझ्याकडे बघणार." त्यांनी कोट हातावर घेतला. "मुलीला कळवलंय. ती येतेय वीस तारखेला. चार वर्षांनी."

मी काकांना म्हटलं, चहा घेता का?

दिवस मोजायची मला सवय आहे, पण त्या दिवसांत ते आपोआप मोजले जात होते. पंधरा. अकरा. सात. परीक्षानळ्या धुताना दोन फुटल्या, चौदा वर्षांत पहिल्यांदा. पोपट सभागृहात तालीम करत होता. आतापर्यंत त्याच्या तोंडी नऊ-अ चं पूर्ण चरित्र तयार झालं होतं : बालपण, दुष्काळातलं धान्यवाटप, धाकट्या भावाला केलेली क्षमा. "हे कुठे वाचलंस?" मी विचारलं. "बाई, वाचलं नाही," तो म्हणाला, "दहाव्याचं आणि चौथ्याचं मिसळलं की आपोआप येतं."

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. शंकेनं हात वर करणं थांबवलं होतं. माझ्या तासाला, कोणाच्याच तासाला. शिक्षकांच्या खोलीत त्यावर समाधान व्यक्त होत होतं. "सुधारली हो पोरगी," गणिताचे सर म्हणाले, "काल मी सिद्धता अर्धी सोडून दिली, तरी चकार शब्द नाही." सगळे हसले. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

वीस तारखेला सभागृहात निळे पडदे लागले होते. साहेब यायला अर्धा तास होता. मी प्रयोगशाळेत एकटीच, कुलूपबंद कपाटाचं कुलूप पुन्हा तपासत होते. दारात शंका उभी राहिली. हातात चार घड्या घातलेला कागद.

"बाई, मला विचारायचं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं?"

"नव्हतं. पण फेकवतही नाहीये. तुम्ही ठेवा."

मी कागद उघडला. तीनशे पासष्ट, तीनशे चोपन्न, खाली भागाकार, खाली दहा. माझ्यापेक्षा नीटनेटका. एककं प्रत्येक ओळीत लिहिलेली. वर तारीख होती, आठवीला मी चंद्र शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशीची. तिची धाकटी बहीण आठवीत होती. तिनं घरी जाऊन सांगितलं असणार की बाईंचा खडू थांबला.

"हे इतके दिवस तुझ्याकडे आहे?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

ती बुटांकडे बघत राहिली. "पोपटला दाखवलं. तो म्हणाला, बाईंनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. रंगारी म्हणाला, चित्र सुकलंय आता. मग मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असतं तर तुम्ही बोलला असता. तुम्ही बोलत नाही म्हणजे माझंच चुकतंय." मग म्हणाली, "मी सगळ्यांना सारखं विचारत असते ना, त्यातलं बरंच माझंच चुकत असेल. म्हणून सोडून दिलं."

मला ताबडतोब उत्तर द्यायला हवं होतं. घंटा झाली. पोपट धावत आला, "बाई, साहेब आले! लवकर आले!" आणि तो तिला ओढतच घेऊन गेला. दोष जुना आहे हे मी वर सांगितलंच आहे, पण तो इतका महाग कधी वाटला नव्हता.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मोजणीकाका, इस्त्रीचा कोट, मिशांना नवं काळं. शेजारी त्यांची मुलगी. दुसऱ्या रांगेत माझे यजमान. ते त्यांच्या ऑफिसातल्या दोघांना घेऊन आले होते. साहेब ठेंगणे, सौम्य आणि घाईत होते. त्यांना आज अशा तीन शाळा करायच्या होत्या. पोपटनं चरित्र म्हटलं. धाकट्या भावाच्या क्षमेपाशी मोठ्या बाईंनी डोळे पुसले. साहेबांनी तक्ता पाहिला, मोजणीकाकांकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं आणि थोडे गोंधळले. काकांनी बसल्या जागी मान किंचित उजवीकडे वळवली, चित्रातल्यासारखी.

"उत्तम," साहेब म्हणाले. "बाल संशोधकांचं मी अभिनंदन करतो. संशोधनात प्रश्न विचारायला हवेत. तर सहीआधी, कोणाला काही विचारायचंय?"

हे ते सगळीकडे म्हणत असणार, कारण म्हणता म्हणता त्यांनी पेनाचं टोपण काढलंही होतं. मी शंकेकडे पाहिलं. तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. दोन बोटं, फार तर तीन. मग तिनं डाव्या हातानं तो धरला आणि खाली ठेवला.

"कोणी नाही? छान. बाई, या. इथे, फुलीपाशी."

स्टेजला पाच पायऱ्या. मी चढले. टेबलावर कागद होता, त्यावर छापलेली ओळ : 'वरील माहिती मी तपासली असून ती बरोबर आहे.' मोठ्या बाईंनी माझ्या हातात पेन दिलं आणि हळूच म्हणाल्या, "हसा जरा. फोटो आहे."

मी पेन टेबलावर ठेवलं, टोपण लावून. आणि बोलले. पण माझा आवाज मुळातच लहान. मला वाटलं बोलून झालं, तर साहेब कानाशी हात नेऊन पुढे वाकले होते.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"काही नाही साहेब, भारावल्यात," मोठ्या बाई म्हणाल्या.

पहिल्या रांगेत काका अजून मान वळवून बसले होते. त्यांची मुलगी त्यांच्याकडे बघत होती. यजमान माझ्याकडे बघून मान हलवत होते. नको म्हणत होते की धीर देत होते, ते इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला कळलं नाही. दाराशी हेडक्लार्क फाईल घेऊन उभे. मी त्यांच्यापैकी कोणाकडे बघितलं असतं तर पुन्हा निळा म्हणून परत आले असते. म्हणून मी नववीच्या रांगेकडे तोंड केलं. तिथल्या एका मुलीकडे. आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं, स्वतःचाच आवाज ओळखू येणार नाही इतक्या मोठ्यानं म्हणाले :

"नऊ-अ नावाचा राजा झालाच नाही. मी चांद्र वर्षांतून सौर वर्षं वजा केली. तुझं गणित बरोबर आहे, माझं चुकलं, आणि मी सही करणार नाही."